परवाचा कंटेनर

२६ जानेवारी

ही डायरी द्राक्षांची औषधं विकणाऱ्या कंपनीने फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला, 'विरळणी वेळेत करा.' माझी विरळणी कॉलेजने दुसऱ्या वर्षालाच केली. म्हणजे मीच केली. तोंडी परीक्षेत सरांनी बापाचा धंदा काढला, मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटली आणि परत त्या गेटातून आत गेलो नाही. फुलं विकणाऱ्याच्या पोराने इंजिनियर व्हायचंच कशाला, असं ते म्हणाले होते.

डायरी मंजुषाने दिली. आमच्या द्राक्ष एक्स्पोर्टच्या मुंबई नाक्यावरच्या ऑफिसात ती कागदपत्रं बघते, मी पिंपळगावजवळच्या पॅकहाउसवर गाड्या भरून पाठवायचं बघतो. काल मी एका ट्रेलरवाल्याची गचांडी धरली. हरामखोराने डिझेल वाचवायला कंटेनरचं कूलिंग घाटात बंद ठेवलं होतं. तिला कळलं. आज पॅकहाउसवर आली तेव्हा ही वही पुढे केली.

"राग आला की यात लिही. हात उचलायचा नाही."

"आणि राग नाही आला तर मॅडम?"

"मग काय येतं ते लिही," ती म्हणाली आणि हसली.

काय येतं ते लिहायला ही डायरी पुरणार नाही.

२९ जानेवारी

मंजुषा कधी टाइप करत नाही. बोलून मेसेज पाठवते. प्रत्येक मेसेजची सुरुवात एकच, "लखन, ऐक ना." मग काम. मग शेवटी लेबलांचे नंबर, ते तसेही मेलवर येतात. मी पहिले तीन शब्द पाच-सहा वेळा ऐकतो, मग काम ऐकतो, नंबर सुरू झाले की बंद करतो. ऑफिसातल्या बाकी कोणाला ती 'ऐक ना' म्हणत नाही. शेठच्या पुतण्याला विचारून खात्री केली. त्याला ती 'हॅलो' म्हणते.

पॅकिंगच्या बायकांची मुकादम नवसाबाई, पेठकडची. तिचं सगळ्यांवर लक्ष. आज सगळ्यांपुढे म्हणाली, "लखनभाऊ, त्या फोनला कानच चिकटवून घ्या फेविकॉलनं. घडी घडी उचलायचा त्रास नाय."

बायका खिदळल्या. मी ओरडलो. मग त्या अजून खिदळल्या.

२ फेब्रुवारी

निफाडच्या जयराम आप्पांचा कंटेनर आज भरला. आप्पांचा हा पहिलाच युरोपचा माल. इतकी वर्षं व्यापाऱ्याला बागेतच द्यायचे. या वर्षी शेठनी पटवलं. सकाळपासून टोपी घालून पॅकहाउसच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, जावयाला निरोप द्यायला स्टेशनवर बसावं तसे. सील लावलं तसा त्यांनी टायरपुढे नारळ फोडला आणि मला म्हणाले, "माल पुरता गोडीवर आलाय बरं का. लय दिवस वाटंत ठेवू नका त्याला."

मी म्हणालो, "आप्पा, जहाज जवळच्या रस्त्याने जातंय. तांबड्या समुद्रातून."

"समुद्र तांबडा असो का निळा. आत थंड राहिला पाहिजे माल."

तो रस्ता कधी चालू असतो कधी बंद. गोळीबार झाला की जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जातात आणि पंधरवडा वर जातो. सध्या चालू आहे. म्हणून तर एवढा पिकलेला माल भरायची हिंमत केली.

आमचे शेठ, निवृत्ती काका, जर्मनीला गेलेत. फळांच्या मोठ्या प्रदर्शनाला. पुढचा कंटेनर शुक्रवारी.

४ फेब्रुवारी

आजचा दिवस माझा. शेठ देशात नाहीत, मंजुषा तीन दिवस सुट्टीवर, मनमाडला आत्याकडे गेलीय, घरचं काही काम. सगळं पॅकहाउस माझ्या एकट्यावर. अशात दुपारी तिचा मेसेज. माल आधी गार करायचे, प्रीकूलिंगचे पंखे कानाशी घोंगावत होते, फोन कानात कोंबला.

"लखन, ऐक ना. परवाचा कंटेनर थांबव."

विषय संपला. मी धावलोच. परवाचा म्हणजे शुक्रवारचा. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला, गाडी रद्द. तो तोंड वाजवायला लागला, "ऐन सीझनला गाडी रद्द करता, मी काय खेळणं लावलंय का?" त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. मग बागेवर फोन, शुक्रवारसाठीची काढणी बंद. तोडणीच्या पोरांना परत पाठवलं. नवसाबाईला सांगितलं, शुक्रवारी बायका निम्म्याच आण. ती म्हणाली, "कशामुळं?" मी म्हणालो, "वरून ऑर्डर आहे." असं म्हणताना छाती जरा फुगली, खोटं कशाला लिहू.

अर्ध्या तासात सगळं गार केलं. कॉलेजातले आपले मित्र अजून प्रोजेक्टच्या फायली चिकटवत असतील. इथे मी एका फोनवर युरोपचा माल थांबवतो.

संध्याकाळी तिचा मेसेज. आज चक्क टाइप केलेला, जवळ माणसं असतील.

"थांबवला?"

"थांबवला."

"शेठना कळवते. आणि दुसरं?"

दुसरं म्हणजे सोमवारचा कंटेनर असणार, त्याच्या पुढचा. त्याचं मला अजून काहीच माहीत नाही. लिहिलं, "दुसऱ्याचं नंतर बघू. आधी हे निस्तरू दे."

बराच वेळ ती 'टायपिंग' दिसत होती. शेवटी आलं, "बरं."

६ फेब्रुवारी

गाडी नाही, माल नाही, पॅकहाउस ओस. दिवसभर माश्या मारल्या. संध्याकाळी मंजुषाने स्टेटसला फोटो टाकला. सोमेश्वरचा धबधबा. म्हणजे धबधबा कसला, या दिवसांत नुसते काळे खडक आणि मधून एक धार. खाली काही लिहिलेलं नाही. कडेला तिची पर्स दिसते आणि दोन भुट्टे. एकाला दात लावलेला नाही.

दोन का?

आज दुपारी मनमाडहून आली आणि लगेच सोमेश्वर? कोणाबरोबर? घरापासून ते केवढं लांब, आणि मला तर जवळ. सांगितलं असतं तर मखमलाबादहून बाइकवर दहा मिनिटांत पोचलो असतो. पण मला कशाला सांगेल. दुसरा भुट्टा ज्याचा त्याला सांगितलं असेल.

फोन आपटला नाही. डायरीत लिहितोय. झालं समाधान?

७ फेब्रुवारी

वाट लागली.

सकाळी तिचा फोन. मेसेज नाही, फोन. 'ऐक ना' नाही.

"लखन, आप्पांचा कंटेनर जहाजावर चढला. जहाज सुटलं पण."

"मग? चढणारच ना."

"चढणारच? अरे तुला थांबवायला सांगितला होता ना मी!"

"तो कुठे? परवाचा सांगितला. शुक्रवारचा. मी थांबवला की."

मग ती सावकाश म्हणाली, "सोमवारी गेला तो. बुधवारी बोलताना सोमवार परवाच होतो ना रे. शेठचा तिकडून फोन आला होता, तांबडा समुद्र परत बंद झाला, जहाज आफ्रिकेवरून जाणार. पोर्टवर अडवला असता तर दुबईला वळवता आला असता. तिथलं गिऱ्हाईक तयार होतं."

चूक दिसली तसं माझं तोंड सुटलं. माझं असंच होतं. म्हणालो, "मॅडम, परवा म्हणजे परवा. येणारा पण परवा, गेलेला पण परवा. मी काय ज्योतिषी आहे का? सरळ सोमवारचा म्हणायचं!"

"तू पूर्ण ऐकलास ना मेसेज?"

"बहिरा आहे का मी?"

ती म्हणाली, "आणि कालचं?"

"कालचं काय? काल गाडीच रद्द होती, तेच तर सांगतोय मघापासून!"

"बरं," म्हणाली आणि ठेवला.

गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोन्हीला एकच शब्द कोणत्या शहाण्याने ठेवला या भाषेत? इंग्रजीत तारीख सांगतात. म्हणून त्यांची जहाजं आहेत आणि आपली द्राक्षं.

८ फेब्रुवारी, रविवार

राहवलं नाही. बाइक काढून नाशिकरोडला तिच्या कॉलनीत गेलो. ठरवलं होतं, दारात जाऊन सॉरी म्हणायचं, मग जरा भांडायचं, मग परत सॉरी. दारात चपलांचा ढीग. बाहेर पांढरी गाडी, मालेगाव पासिंगची. आतून कपबशांचा आवाज. सत्यनारायण वगैरे असेल. मंजुषा एकदा खिडकीशी आली. साडी नेसली होती, मोरपंखी. मला बघितलं का नाही, नक्की सांगता येत नाही. पडदा ओढला एवढं खरं.

एवढी माणसं असताना सॉरी कसं म्हणणार. परत आलो.

१० फेब्रुवारी

शेठ आले. विमानतळावरून थेट ऑफिस. मला पॅकहाउसवरून बोलावून घेतलं. केबिनमध्ये मी, मंजुषा आणि शेठ. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. पेपरवेट फिरवत बसतात.

"लखन्या, कोणाचं चुकलं?"

मी म्हणालो, "शेठ, मॅडमनी 'परवाचा' एवढंच सांगितलं. कोणता ते सांगितलं नाही. मी माझं काम चोख केलं."

शेठनी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. शेठकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "लखन, मेसेज तुझ्याकडे आहे. तू तो शेवटपर्यंत ऐकलास का?"

आता शेठपुढे काय सांगू, की तुमचे नंबर मी ऐकत नाही? म्हणालो, "ऐकला. शेवटपर्यंत. शब्दन्‌शब्द."

"सगळं ऐकून मग असं वागलास?"

"ऐकूनच वागलो."

तिचा चेहरा लाल झाला, मग एकदम पांढरा. शेठ म्हणाले, "वाजव बरं तो मेसेज, आत्ता सोक्षमोक्ष लावू."

मी खिशात हात घातला तर तीच घाईने म्हणाली, "नको सर. वाजवायला नको. माझंच चुकलं. मी नीट बोलायला हवं होतं."

शेठ पेपरवेट थांबवून म्हणाले, "ठीक आहे. माल रॉटरडॅमला कसा उतरतो ते बघू. चांगला उतरला तर मी विसरलो. खराब निघाला तर तुला ठेवणं मला जड जाईल, मंजुषा. आप्पाला तोंड मला दाखवायचंय."

मी जिंकलो म्हणायचं. तिने मेसेज वाजवू का दिला नाही? चूक तिची होती म्हणूनच ना?

आणि नोकरी गेली तर तिचं काय? मागे एकदा बोलली होती, नोकरी आहे तोवर घरचे गप्प आहेत. कशाबद्दल गप्प, ते मी विचारलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

मी एक साइट शोधलीय. जहाजाचं नाव टाकलं की नकाशावर ते टिंबासारखं दिसतं. आमचं टिंब निळ्या पाण्यात आफ्रिकेच्या अंगाअंगाने खाली चाललंय. मोठं करून बघितलं तरी टिंबच. बोट लावून मागे ओढावंसं वाटतं.

मंजुषा आज पॅकहाउसवर आली, लेबलं तपासायला. आजचा दिवस कोणता ते सगळ्यांना माहीत. आमच्याच मळ्यातला एक गुलाब सकाळी कागदात गुंडाळून डिकीत ठेवला होता. तो डिकीतच राहिला. ती स्वतःहून माझ्या टेबलापाशी आली आणि हळू म्हणाली, "लखन, त्या परवाचं तुला काहीच बोलायचं नाही का?"

माझी सटकली. सगळं मिटवून मी गुलाब देणार आणि ही परत तेच उकरते! म्हणालो, "त्या परवाने माझं डोकं उठवलंय. परत नाव काढू नका माझ्यापुढे."

"बरं," ती म्हणाली.

हे 'बरं' मला आवडत नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

२१ फेब्रुवारी

जयराम आप्पा आले. त्यांना मी नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाली आणला, परत सरकवला.

"हे टिंब म्हंजे माझी बाग?"

"तुमची आणि अजून बऱ्याच लोकांची, आप्पा. मोठं जहाज आहे."

"मग एवढ्या खाली कुठं चाललं ते? युरोप वर असतो ना रे? पोराच्या पुस्तकात वर होता."

"खालून जाऊन वर जाणार."

"येड्यावानी," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ बघत बसले. जाताना म्हणाले, "त्या मंजुषाताईला सांग, लय जिवाला लावून घेऊ नको. रोज फोन करती मला. टेंपरेचर सांगती. बागेला कधी कोणी एवढं विचारलं नाय."

मला ती रोज फोन करत नाही. हल्ली मेसेजही शेठच्या पुतण्यामार्फत येतात. मी रोज जुना मेसेज उघडतो. 'लखन, ऐक ना' एवढं ऐकतो आणि अंगठ्याने थांबवतो. पुढे तो शब्द येतो. तो ऐकवत नाही.

२७ फेब्रुवारी

जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, नेमकी काय मदत हवी?"

मी म्हणालो, "जहाज जरा जोरात चालवायला सांगता येईल का?"

ती हसली नाही. तिला रोज असे फोन येत असतील. म्हणाली, "सर, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे."

जहाज आफ्रिकेच्या टोकाला आहे. तिथे वादळ आहे म्हणे. दोन दिवस टिंब हललेलंच नाही. मी इथे पिंपळगावात उन्हात बसून पंखा लावला, आणि उगाच बंद केला. तिकडे काही फरक पडणार असल्यासारखा.

९ मार्च

काल रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडीत, रंगाच्या हौदात, उड्या मारून आलो. सगळी पोरं पिवळ्या पाण्यात ओरडत होती, मीही ओरडलो. रंग अजून कानात आहे.

आज मंजुषा पेढे घेऊन आली. सगळ्या बायकांना वाटले. नवसाबाईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझ्यापुढे डबा आला तेव्हा ती म्हणाली, "घे. साखरपुडा झाला. मनमाडचे आहेत, रेल्वेत."

मी एक घेतला. काय बोलावं? म्हणालो, "अभिनंदन मॅडम. अचानक?"

"अचानक नाही. महिना झाला त्यांना येऊन गेल्याला. मी थोडे दिवस मागून घेतले होते."

"कशासाठी?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "असंच. कोणी काही बोलतंय का बघत होते."

पेढा खिशात ठेवला. संध्याकाळी बाइक चालवताना खिसा ओला लागला. मनमाडचा तो माणूस चांगला असेल. रेल्वेत आहे, वेळेवर येत-जात असेल. मला त्याच्या तोंडावर एक ठेवून द्यावीशी वाटते आणि त्याचं काहीच चुकलेलं नाही.

नवसाबाई आज मला काही बोलली नाही. एकदाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१४ मार्च

रॉटरडॅमहून फोटो आले. खोकी उघडलेली, हातमोजे घातलेला कोणाचा तरी हात आणि आमची द्राक्षं. देठ तपकिरी. मणी गळून पडलेले, तळाशी पाणी, वर पांढरी बुरशी कापसासारखी. एका डब्यावर आप्पांच्या गावाचं नाव छापलेलं, ते मात्र स्वच्छ दिसत होतं.

हॉलंडवाल्याने लिहिलंय, माल विकण्यालायक नाही, टाकून द्यावा लागेल.

शेठनी आप्पांना स्वतः फोन केला. आप्पा म्हणाले म्हणे, "चांगला होता हो शेठ माल. इथून निघताना चांगला होता." एवढंच. पुढच्या वर्षी बागेतच देणार, व्यापाऱ्याला.

मंजुषाने शेठना सांगायची वेळ येऊच दिली नाही. राजीनामा टेबलावर ठेवला. तसंही लग्नानंतर मनमाडला जायचंय, असं म्हणाली.

१६ मार्च

तिचा शेवटचा दिवस. शिक्के आणि फायली द्यायला पॅकहाउसवर आली होती. मी ट्रेलर मागे घ्यायला लावत होतो. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"लखन, ऐक ना."

किती दिवसांनी. खरं बोलणं, फोनमधलं नाही. मी वळलो. तेवढ्यात त्या ट्रेलरवाल्या गाढवाने मागचा खांब ठोकला. धाडकन आवाज. मी, "एक मिनिट मॅडम," म्हणून धावलो. त्याला शिव्या घातल्या, खांब बघितला, त्याच्या मालकाला फोन केला. परत आलो तर ती रिक्षात बसून गेलेली.

काय सांगायचं असेल? कामाचंच असेल. कोणती फाइल कुठे आहे, असलं.

१७ मार्च

आज शेठना फोन करून सांगितलं की कंटेनरची चूक माझी होती, तिची नाही. ते म्हणाले, "आता सांगतोस? जहाज परत येणार आहे का?" मग म्हणाले, "तिला फोन करून सांग." तिने फोन उचलला नाही. परत लावणार नाही. कुठल्या तोंडाने लावू. आप्पांकडेही जायला हवं, पण त्यांच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते अजून सुचत नाही. हे आज का सांगितलं, ते लिहितो.

पाडवा तोंडावर आला म्हणून पॅकहाउसवरून सुट्टी घेऊन घरी झेंडू ओवायला बसलो. दरवर्षी बसतो. अंगणात पिवळा-केशरी ढीग, आई एका बाजूला, मी दुसऱ्या. दादा, म्हणजे आमचे वडील, टेंपो सांगायला गेलेले. हातात दाभण, मांडीवर माळ, बोटं फुलांच्या रसाने चिकट. फोन पुढ्यात उताणा ठेवला होता. करंगळीने तो मेसेज लावला. रोजच्यासारखा, फक्त तीन शब्दांसाठी.

"लखन, ऐक ना."

बंद करायला अंगठा उचलला तर दाभण अर्धं फुलात, दोरा दातात. सोडलं असतं तर माळ सुटली असती. मेसेज चालूच राहिला.

"परवाचा कंटेनर थांबव. गेलेल्या परवाचा हं, आप्पांचा. येणारा नाही. ते जहाज आता आफ्रिकेवरून जाणार, तो माल टिकणार नाही. अजून पोर्टवर आहे. तिथल्या एजंटला आत्ताच्या आत्ता फोन कर, माझा इथून लागत नाहीये. झालं, कामाचं संपलं."

मग रेल्वेचा आवाज. डब्यात कोणीतरी चहा-चहा ओरडत गेलं. मला वाटलं, आता नंबर.

"आता दुसरं. आपलं. रविवारी मला बघायला येतायत. मी घरी अजून हो म्हटलेलं नाही. तू परवा ये. येत्या परवा, सहाला, सोमेश्वरला. मी भुट्टे घेऊन थांबते. काय ते एकदा तोंडाने बोल लखन, नुसता बघत बसतोस. आलास तर मी त्याच दिवशी घरी सांगेन. नाही आलास तर मला कळेल. बरं, ठेवते."

मेसेज संपला. माझ्या दातात अजून दोरा होता.

'आणि दुसरं?' असं तिने विचारलं होतं. नंतर बघू, असं मी लिहिलं होतं. शेठपुढे म्हणालो होतो, शेवटपर्यंत ऐकला, शब्दन्‌शब्द. आणि तिने तो वाजवू दिला नव्हता.

आईचे हात थांबले होते. ती फोनकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिचं तोंड एकदम उजळलं. इतक्या वर्षांत माझ्या बाबतीत तिचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं, बारावीच्या निकालानंतर.

"कोण रे ही? केवढी गोड बोलते. सोमेश्वरला बोलावतेय का तुला?"

मी मान हलवली.

"अरे पण परवा कसा जाशील?" आई काळजीत पडली. बोटांवर मोजायला लागली. "परवा तर पाडवा. पहाटेपासून फुलांवर बसायचंय. बरं, जा तू. सहापर्यंत गर्दी ओसरते, दुकान मी आणि दादा बघू. ती पोरगी थांबेल ना तिथं. जा हो तू परवा."

मी दातातला दोरा काढला. म्हणालो, "आई, हा गेलेला परवा आहे."

तिने ढिगातून एक फूल उचलून माझ्या हातात दिलं, दाभणाला लावायला.